हरित

निपाणीच्या स्टँडमागे, तंबाखूच्या वखारीला टेकून
मीरासाब शिकलगाराचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी,
एक चाक, आणि दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.

"चाकू पाहिजे," म्हटलं, "पर्समध्ये मावेल असा, घडीचा."
त्यानं पोत्यावर चार पाती उघडून ठेवली.

पहिलं खंड्याच्या चोचीसारखं,
पाठ खरवडून टोक काढलेलं.
दुसरं आंब्याचं पान, पोटाला भरलेलं,
शेंड्याकडे हळूच उतरणारं.
तिसरं म्हणजे विळ्याचं पिल्लू.
चौथं अगदीच गरीब: धार पट्टीसारखी सरळ,
आणि पाठच वाकून खाली आलेली,
मेंढीच्या खुरासारखी. टोक जवळजवळ नाहीच.

मी चोचीला हात घातला.
"का गं अक्का?"
"दिसतंय बरं."
"दिसभर काय काय कापतीस, ते सांग आधी."

मग सांगत गेले: पार्सल ऑफिसातली सुतळी,
औषधांच्या खोक्यांचे प्लास्टिकचे पट्टे,
दुपारी पेरू, कधी काकडी,
पेन्सिल, माझी आणि साहेबांचीही,
एकदा स्वतःचीच ओढणी, शटरमध्ये अडकलेली.

"आणि भोसकायचं किती जणांला?"
"अजून तरी कुणाला नाही."
"मग टोकाला फुकटचा पगार कशाला देतीस?"

शेवटची गाडी जाईस्तोवर खिडकीत मी एकटी असते,
टोक असलं की बरं वाटतं,
हे काही मी त्याला सांगितलं नाही.
पण तो म्हणाला, "भ्यालेल्या हातातलं टोक
पहिल्यांदा आपल्याच मांडीत शिरतंय."
आणि लुंगी वर करून वण दाखवायला लागला.
मी म्हटलं, राहू दे मामा, पटलं.

तेवढ्यात हुक्केरीकडचा एक म्हातारा विळा न्यायला आला.
अंगठा धारेवर आडवा फिरवला, मान डोलावली:
"हरित ऐती."
मला हिरवं ऐकू आलं.
वळून बघितलं तर वखारीची भिंत, तपकिरी.
मीरासाब म्हणाला, कानडीत धारदारला हरित म्हणतेत.
सहाणेला साणे म्हणतेत, ते तर तुला कळतंयच की.

दोनशे वीसचा खूर दोनशेला घेतला.
वर कुरुंदाचा एक तुकडा, फुटका, फुकट.

दगड पाण्यात ठेव, बुडबुडे थांबेपर्यंत.
पाठीखाली दोन नाण्यांची जाडी, जास्त नको.
सरळ धारेचं सुख हे की मनगट वळवावं लागत नाही;
पानाला पोट सांभाळत न्यावं लागतं,
आणि विळ्याच्या पिल्लाला तर सपाट दगड चालतच नाही.
"मन बदललं तरी कोन बदलू नको," म्हणाला.
मी दोन्ही बदलले.
आठवडाभरात चाकूनं लोणीसुद्धा कापेना.

परत गेले. त्यानं माझं बोट धरून धारेच्या मागे टेकवलं.
खरखर लागली, मांजराच्या जिभेसारखी.
"ही लव. एका बाजूनं घासलं की दुसरीकडं उगवती.
लोकं हिलाच धार समजून घरी जातेत."
ती त्यानं जुन्या चपलेच्या तळव्यावर पुसून टाकली,
पाच-सहा वेळा, मागं ओढत.

मग सुपारी कातरायला खिशातून स्वतःचा चाकू काढला.
पातं कसलं, गवताची काडी.
"हे मूळचं कुठलं?"
"चोच होती. टोक फणसात मोडलं,
उरलेलं दगडानं खाल्लं. चाळीस वर्सं झाली.
आता आकार विचारू नको."
सुपारी मात्र पातळ उतरली, कागदागत.

काल रात्री संकेश्वरच्या गाडीचं शेवटचं पोतं.
गाठीवर खूर ठेवला, ओढायच्या आधीच सुतळी सुटली
आणि चाकू पुढं गेला.
अंगठ्याला काही कळलं नाही.
पावती फाडताना कागद लाल दिसला,
तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून
तो हिरवा शब्द बरोबर निघाला.

ड्रायव्हर म्हणाला, काय म्हणालात?
म्हटलं, काही नाही. चिकटपट्टी द्या जरा.